एकवीस खुर्च्या आणि वीतभर फट

नऊ खुर्च्यांचं स्टेज उभं करून मी गालिचा ठोकत होतो, तेवढ्यात पक्षाचे शहराध्यक्ष अण्णा आले. संध्याकाळी पुंडलिकनगरच्या मैदानात त्यांच्या पक्षाच्या नव्या खासदारसाहेबांचा सत्कार होता.

"काका, खुर्च्या एकवीस करा."

"दुपारच्याला पुढाऱ्यांना पिल्लं झाली व्हय?"

"थट्टा नका करू. दिल्लीत आपले कमी पडले. बहुमत नाय, तरी सरकार केलंय. ज्यानं ज्यानं हात लावला, त्याला वर बसवावं लागतंय."

मी चौथी नापास. पण मांडवाच्या धंद्यात चाळीस वर्षांत माझं एकही स्टेज खाली बसलेलं नाही. शिकलेल्या इंजिनियरांनी आपल्या पुलांबद्दल एवढं बोलून दाखवावं.

स्टेजखाली लोखंडी घोड्या असतात, म्हणजे चार पायांचे स्टँड. त्यावर फळ्या. पुढच्या घोडीच्या बाहेर फळी हातभर निघते, तिला झालर लावतात. तिच्याखाली काहीच नसतं. पुढारी बसलेले आहेत तोवर धोका नाही. पण क्रेननं मोठा हार खाली आला, की सगळे त्यात मुंडी घालायला पुढं धावतात आणि नेमके त्या हातभर फळीवर उभे राहतात. मोडतं ते तिथंच. खाली पहिल्या रांगेत बायामाणसं बसलेली. हातपाय त्यांचे मोडणार, नाव माझं जाणार.

"बाराच्या वर एक नाय," मी म्हणालो.

"काका, तिकडं अख्खं सरकार कमी माणसांवर उभंय, आन् तुमचं स्टेज जास्त माणसांवर उभं राहीना?"

"मग दिल्लीवाल्यालाच बोलवा बांधायला."

शेवटी शेंद्रा एमआयडीसीतल्या माझ्या गोदामातून सहा घोड्या मागवल्या, पुढच्या फळीखाली लावल्या, तेव्हा कुठं मी एकवीसला हो म्हणालो.

तेवढ्यात मास्तर आले. हे छोट्या पक्षाचे इथले प्रमुख. त्यांच्या पक्षाचा दिल्लीत बाहेरून पाठिंबा होता. म्हणजे सरकारात यायचं नाही, पण मन असेल तोवर पाडायचंही नाही.

"आम्ही स्टेजवर बसणार नाय. सामील झाल्यागत दिसतं."

"मग खाली सोफा टाकतो," अण्णा म्हणाले.

"खाली? आमच्याबिगर सरकार एक दिवस चालंल का?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी शेजारी तीन माणसांचं वेगळं स्टेज बांधलं. मधी वीतभर फट ठेवली, कारण दोन्ही जोडली तर एकाचा हिसका दुसऱ्याला बसतो. मास्तरांना ती फट लई आवडली. "हेच आमचं धोरण," म्हणाले.

मग अण्णांनी उंची मोजायला टेप लावला. जमीन तिकडं चढती, म्हणून छोटं स्टेज दोन बोटं उंच झालेलं. अर्धा तास दोघं भांडले. मी खासदारांच्या खुर्चीवर एक उशी जास्त ठेवली. अण्णांनी टेप गुंडाळला.

संध्याकाळी हार खाली आला. एकवीसच्या एकवीस उठले. फळी करकरली. पण घोड्यांनी धरलं.

खासदारांनी हारातूनच हाक मारली, "मास्तर, या की!"

"आमच्या धोरणात बसत नाय साहेब. तुम्हीच या."

खासदारांनी एक पाय छोट्या स्टेजवर टाकला. मागून वीस जण लोटले. मी चढून आडवा हात लावला. "एकच माणूस! दुसरा आला तर घोडी काढीन."

"तुम्ही कोण?" एका नगरसेवकानं विचारलं.

"ज्याच्या फळीवर तुम्ही उभे हायेत, तो."

खासदार एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून हसत उभे राहिले. फोटोवाल्यानं वेळ लावला. तेवढ्यात निवेदकानं पाहुण्यांच्या यादीत मास्तरांचं नाव चौथं घेतलं. "चौथं?" म्हणत मास्तर उठले, सोबतचे दोघं उठले, तिघं निघून गेले. खासदारांचा पाय रिकाम्या स्टेजवर तसाच.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा म्हणाले, "काका, छोटं स्टेज सोडू नका. मास्तर परत आले तर?"

तीन दिवस ते मैदानात उभं होतं. चौथ्या दिवशी मास्तर आले, वर बसून चहा प्याले, गेले.

आता ऑर्डर घेताना बसणारे किती, हे मी विचारत नाही. हार आल्यावर उठणारे किती, ते विचारतो. माझी दोन्ही स्टेजं टिकली. सरकारचं मला विचारू नका. त्याच्या पुढच्या फळीखाली काय लावलंय, ते मी पाहिलेलं नाही.