जॅनेल लिहिते, लायल वाचत नाही

विस्कॉन्सिनमधल्या त्या चार हजार वस्तीच्या गावात चीजचा एक कारखाना, तीन चर्च आणि अकरा बार आहेत. गावातलं निम्मं दूध जॅनेल ड्रेक्सलरच्या हाताखालून जातं. ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. टँकर आला की शिडीवर चढायचं, लांब दांड्याच्या पळीनं दूध काढायचं, त्यात गाईला दिलेल्या औषधाचा अंश तर नाही ना हे तपासायचं आणि वहीत लिहायचं: वेळ, टँकरचा नंबर, सही. ‘लिहिलं नाही ते घडलंच नाही,’ असं तिच्या पहिल्या साहेबानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेब निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला, पण वाक्य तिच्याकडे ठेवून गेला.

त्यामुळे घटस्फोटानंतर समुपदेशक बाईंनी ते अ‍ॅप सुचवलं तेव्हा जॅनेलला हायसं वाटलं. आई-बापांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं की त्यांच्या वतीनं बोलणारं अ‍ॅप. पोरगी कुठल्या दिवशी कोणाकडे, दंतवैद्य कधी, बूट कुठल्या मापाचे, सगळं एका जागी. आईचे दिवस जांभळे, बापाचे हिरवे. लिहिलेलं समोरच्यानं वाचलं की बाजूला बरोबरची खूण येते. वहीच ती, फक्त खिशात मावणारी.

लायलला तिनं आमंत्रण पाठवलं. मग पुन्हा पाठवलं. अशी चौदा आमंत्रणं झाली. एवढी तर त्यांच्या लग्नालाही छापली नव्हती.

लायल शेतोशेती फिरून गाई दोहायची यंत्रं दुरुस्त करतो. हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले, आणि स्वभाव असा, की यंत्र बिघडलं तर त्याच्याशी तासभर बोलेल, माणसाशी नाही. त्याचं म्हणणं सोपं होतं. “पोरीचं काही असलं तर तोंडानं सांग. मी काय कचेरी आहे, अर्ज घ्यायला?” आणि तोंडानं सांगायला फोन केला, तर हा बाबा फोन उचलायचा नाही. त्यालाही कारण होतं. त्यांच्या फोनवर पहिलं वाक्य पोरीचं असायचं, दुसरं हवेचं, आणि तिसऱ्याला दोघं सात वर्षांपूर्वीच्या नाताळात जाऊन पोचायची.

तर गेली दोन वर्षं जॅनेल लिहीत होती आणि लायल वाचत नव्हता. प्रत्येक निरोपाखाली राखाडी अक्षरांत यायचं: ‘प्रतीक्षेत’. त्या अ‍ॅपला शिष्टाचाराचीही फार चाड. एकदा तिनं लिहिलं, ‘तुला मुलीचा वाढदिवस तरी ठाऊक आहे का?’ लगेच खाली सूचना: ‘हे वाक्य समोरच्याला लागू शकतं. थोडं मऊ करायचं का?’ दिवसभराच्या कामानं पाय भरून आलेले, समोर न धुतलेली भांडी. पण जॅनेलनं वाक्य मऊ केलं. लग्नाच्या बारा वर्षांत ती लायलशी जेवढं गोड बोलली नसेल, तेवढं तिनं तिथे लिहून ठेवलं होतं. ऐकायला फक्त अ‍ॅप होतं, आणि त्याचं काही तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं.

ती थकली होती. “तुम्ही तुमची नोंद केलीत ना? मग झालं,” समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या. “त्यानं वाचलं नाही, तर तो त्याचा प्रश्न.” हे वाक्य जॅनेलनं उशीसारखं वापरलं. डोकं टेकायला बरं पडायचं.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी ती मॅरिटला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मॅरिट दहा वर्षांची. शाळेतल्या बाई दोनदा म्हणाल्या होत्या, की पोरगी मधेच गप्प होते, टक लावून बसते, हाक ऐकत नाही. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला आणि सांगितलं, की हे लहानसे झटके आहेत. पंधरा-वीस सेकंदांचे. गोळ्यांनी थांबतील, पण महिनाभर लागेल. तोवर पोहणं नाही, सायकल नाही, आणि उंच कुठे चढायचं नाही.

“झाडावरसुद्धा?” मॅरिटनं विचारलं.

“झाडावर तर मुळीच नाही.”

मॅरिटचा चेहरा पडला, तो परतीच्या वाटेवर वर आलाच नाही. कारण शनिवारी हरणांची शिकार सुरू होणार होती. त्या मुलखात या शनिवारला नाताळाइतका मान. नाताळच्या सुट्टीचे तास वकिलांनी अर्धे अर्धे मोजून वाटले होते, पण हा शनिवार लायलचा, यावर कोणी ब्रसुद्धा काढला नव्हता. काढला असता तरी ऐकणारा न्यायाधीश शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून जंगलातच गेला असता. आणि यंदा पहिल्यांदाच लायल मॅरिटला आपल्याबरोबर मचाणावर नेणार होता. मचाण म्हणजे झाडाला टेकवलेली पंधरा फुटी शिडी आणि वर दोघांपुरती फळी. मॅरिटनं वर्षभर दिवस मोजले होते.

घरी आल्यावर, चार वाजून बारा मिनिटांनी, जॅनेलनं सगळं अ‍ॅपमध्ये लिहिलं. ‘आरोग्य’ या सदरात, लाल झेंडा लावून. गोळ्यांच्या वेळा, झटक्यांचं नाव, झाडाचंसुद्धा. मग चहा केला. नोंद झाली होती.

शुक्रवारी दुपारी तिची कामाची पाळी संपत आली होती. दोन वाजता आलेल्या टँकरमध्ये औषधाचा अंश सापडला. तिनं वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘दूध उतरवू नये’, आणि हात धुवायला गेली. परत येऊन पाहते तो पुढच्या पाळीचा वर्नन टँकरला नळी जोडून तोटीवर हात ठेवून उभा.

“अरे थांब! वाचलं नाहीस का?”

“काय वाचायचं?”

“वहीत लिहिलंय! लाल शाईनं! केवढं मोठं!”

“वही आत आहे, मी बाहेर आहे,” वर्नन शांतपणे म्हणाला. “तू हाक का नाही मारलीस? गळा बसलाय?”

वर्नननं हे काही खोचकपणे म्हटलं नव्हतं. खोचक बोलायला जेवढं लक्ष लागतं, तेवढं तो कशातच घालत नाही. पण जॅनेल तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. नळी सुटली, कारखान्याच्या टाकीतलं दूध वाचलं, आणि तिला पंधरा फुटी शिडी दिसायला लागली.

तीन वाजून गेले होते. शाळा सुटली होती, लायल मॅरिटला घेऊन गेला होता. फोन केला. वाजून वाजून थांबला. एकदा उत्तरेकडच्या जंगलात शिरले की तिथे फोनच चालत नाही. पण शुक्रवार होता, आणि विस्कॉन्सिनचा माणूस शुक्रवारी तळलेले मासे खाल्ल्याशिवाय कुठेही जात नाही, यमाकडेसुद्धा. तिनं डॉटीच्या बारला फोन लावला. डॉटी सत्तरीची. गावात कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे हे तिला पाठ, कारण त्याप्रमाणे तिला टेबलं द्यावी लागतात.

“लायल आहे का गं तिथे?”

“आहे ना. पोरगीही आहे. पहिली बशी चाललीय.”

“त्याला सोडू नकोस. मी वीस मिनिटांत येते.”

“बाई गं! काय केलं त्यानं?”

“त्यानं नाही. मी.”

डॉटीनं पुढे विचारलं नाही. शुक्रवारी मासे हवे तेवढे वाढतात. तिनं लायलपुढे दुसरी बशी ठेवली, मग तिसरी. तो “पुरे” म्हणाला, तर म्हणाली, “जंगलात काय खाणार आहेस, झाडाची साल? गप खा.” चौथ्या बशीबरोबर बटाट्याची धिरडी आली. जॅनेल दारात उभी राहिली, तेव्हा लायल पट्टा सैल करून हताशपणे त्या धिरड्यांकडे बघत होता.

सगळा बार नारिंगी रंगाचा झाला होता. माना वळल्या. लायलची भुवई चढली.

“आज माझा दिवस आहे.”

“ठाऊक आहे. हिरवा,” जॅनेल म्हणाली. “तिला मचाणावर नेऊ नकोस.”

“आई, प्लीज!” मॅरिट ओरडली. त्यावरून लायलला कळलं, की पोरीला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला नाही.

जॅनेलनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झटके, गोळ्या, उंची. लायलच्या मानेवर लाली चढत गेली.

“कधी कळलं हे?”

“मंगळवारी.”

“आणि आज शुक्रवार! मला सांगावंसं नाही वाटलं?”

“सांगितलं की. मंगळवारी. चार वाजून बारा मिनिटांनी.”

“कोणाला?”

यावर काढून दाखवायला तिच्याकडे सगळं होतं. वेळ होती, लाल झेंडा होता, दोन वर्षांचे सगळे निरोप होते. शेजारच्या टेबलावरच्या दोन शिकाऱ्यांनी काटेसुद्धा खाली ठेवले होते. पण तिला एकाएकी इतका कंटाळा आला, की जिंकायचंही अंगावर आलं. ती मॅरिटशेजारी बसली.

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. “चुकलं माझं. फोन उचलत नाहीस म्हणून घरी यायला हवं होतं.”

लायलनं तोंड उघडलं होतं, ते भांडायला. समोर भांडण नाही म्हटल्यावर ते तसंच उघडं राहिलं. मग त्यानं खिशातून रुमाल काढून हात पुसले, एकेक बोट, कामावर पुसतो तसे.

“टक लावून बसते, तेच ना?” तो हळूच म्हणाला. “ऑगस्टपासून बघतोय मी. होडीत बसली होती, गळाला मासा लागला तरी हलली नाही. मला वाटलं, माझ्यावर गेलीय. मीही बसतो ना तसा. आमची आई म्हणायची, लायल घरी नाही.”

“ऑगस्टपासून? आणि मला नाही सांगितलंस?”

“कसं सांगणार? तू म्हणतेस अ‍ॅपवर लिही.”

डॉटीनं नॅपकिनच्या डब्याला फडकं मारायचं सोंग केलं आणि निघून गेली. मॅरिट रडत होती, पण आवाज न करता. “तुम्ही दोघं नेहमी असंच करता,” ती बशीकडे बघत म्हणाली. “आता माझा शनिवार गेला.”

“गेला कशाला?” लायल म्हणाला. “जमिनीवर बसू. बादल्या उलट्या टाकून.”

“जमिनीवरून काही दिसत नाही, बाबा. तूच म्हणाला होतास.”

“मी बरंच काही म्हणतो. बंदूक माझ्याकडे, दुर्बीण तुझ्याकडे.” मग जॅनेलकडे न बघता, “गोळ्या किती वाजता?”

तिनं मॅरिटच्या दप्तरातली गोळ्यांची डबी त्याच्यापुढे ठेवली आणि वेळा सांगितल्या. त्यानं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं, चुकला, पुन्हा म्हणाला. अ‍ॅपचं नाव कोणी काढलं नाही. ते तो कधी घेणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं, आणि त्यावर भांडायची शक्ती निदान एकात तरी उरली नव्हती.

शनिवार जॅनेलनं कपडे धुण्यात घालवला. आधीच धुतलेलेही धुतले. शिडी टळली होती, तरी कानात गाडीचा आवाज यायचा आणि ती खिडकीशी जायची.

रविवारी चारला गाडी खरंच आली. मॅरिट चिखलानं माखलेली, भुकेलेली, दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात. लायल एरवी इंजिन बंदही करत नाही. आज केलं, उतरला आणि पायरीच्या खाली येऊन उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

“काल सकाळी, सात वाजून चाळीस,” तो म्हणाला. “एकवीस सेकंद. घड्याळ लावलं होतं. दंडाला धरून होतो. आज काही नाही. गोळ्या चारही दिल्या.”

जॅनेलनं मान हलवली. सात चाळीसला मॅरिट त्या शिडीवर असती, हे दोघांच्याही मनात आलं असावं.

“हरीण?” तिनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

लायलनं आत, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

“आली होती एक मादी. अगदी समोर, दहा पावलांवर. उभी राहिली, आमच्याकडे बघितलं, गेली.” तो थांबला. “त्याच एकवीस सेकंदांत. मॅरिटला सांगितलं नाहीये मी. तूही सांगू नकोस.”