किटली आणि वहिनींची घंटा

प्लग मी काढला, हे आधीच कबूल करतो. पाहुण्यांसाठी चहा ठेवायचा होता, भिंतीवर एकच प्लग आणि त्यात कसलंसं काळं खोकं लावलेलं. खोकं आपलं गप्प बसून होतं. किटली निदान आवाज तरी करते. मी खोक्याचा प्लग काढून किटलीचा लावला.

शेजारच्या खोलीत त्याच वेळी आमच्या वहिनींच्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल लागायचा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी त्यांच्याच कंपनीत माहितीपुस्तिका लिहितो. यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम ठरवणं हे त्यांचं काम. माणसांना असे नियम नाहीत, ही उणीव त्या घरी भरून काढतात. "येताना बल्ब आणतो" म्हणून दादा निघाला, की आतून आवाज येतो, "काय आणणार?"

"बल्ब."

"किती वॅटचा?"

"नऊ."

"हं, जा आता."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दादाने चुकीचा बल्ब आणल्याची एकही नोंद नाही.

सध्या वहिनी हॉस्पिटलच्या घंटेमागे लागल्या होत्या. पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की निरोप सिस्टरच्या टेबलावर जातो. वहिनींचा नियम असा, की टेबलाने उलट 'मिळाला' म्हणून कळवायचं. नाही कळवलं तर खाटेने पुन्हा पाठवायचं. तीनदा उत्तर नाही आलं, तर खाटेवर लाल दिवा: 'घंटा पोचली नाही, हाक मारा.' शिवाय प्रत्येक निरोप कुलूपबंद आणि क्रमांक घातलेला, म्हणजे कालची घंटा आज कुणी खोडसाळपणे पुन्हा वाजवू शकत नाही.

आमच्या कंपनीच्या साहेबांना ते उलट उत्तरच नको होतं. "बाई, निरोप गेला की गेला! परत कशाला यायचा? निरोपांची निम्मी रहदारी वाचेल."

"रहदारी वाचेल. आणि पेशंट?"

"तुम्ही फार निराशावादी आहात."

साहेब स्वतः इतके आशावादी, की आमच्या रजेच्या अर्जांना त्यांनी आजवर कधी उत्तर दिलेलं नाही.

शेवटी ठरलं, वहिनींची आणि साहेबांची बिनउत्तराची, अशा दोन्ही घंटा हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरपुढे ठेवायच्या, त्या म्हणतील ती घ्यायची. साहेबांची निवडली गेली तर कामावर आपलं नाव नको, असं वहिनींनी लिहून दिलं होतं. त्या कागदाची पोचही घेतली होती.

तर मोठ्या सिस्टरनी दोन्ही बटणं दाबली. साहेबांच्या खाटेवर लगेच हिरवा दिवा: 'निरोप पाठवला आहे. निश्चिंत राहा.'

"बघा वेग!" साहेब म्हणाले.

वहिनींची खाट मात्र कुरकुरत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. मग लाल.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं? अडकली!"

मोठ्या सिस्टर उठल्या आणि टेबलाकडे काय झालंय ते बघायला मी होतो त्या खोलीत आल्या. सिस्टरच्या टेबलाचं यंत्र म्हणून तिथे ठेवलं होतं ते काळं खोकंच. शेजारी मी, आणि उकळती किटली.

"हे कुणी बंद केलं?"

"तुम्हाला... साखर किती?"

त्या दारातूनच ओरडल्या, "अहो साहेब, इथे सगळं बंद पडलंय आणि तुमचा पेशंट तिकडे निश्चिंत! वॉर्डात आयुष्य गेलं माझं. यंत्राचा प्लग काढून मोबाईल लावणारे रोज भेटतात मला. लाल दिव्याची घंटा द्या."

साहेब म्हणाले, "हा आमच्या चाचणीचाच भाग होता." अहवाल मलाच लिहायचा होता. मी लिहिलं: 'नियोजित वीज-बंद चाचणी यशस्वी.'

पाहुण्या गेल्यावर वहिनी आत आल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांनी त्या यंत्राच्या वायरी कापल्या होत्या, खोटे निरोप घुसवले होते, पंख्यासमोर बसवून त्याला छळलं होतं. किटली मात्र त्यांनाही सुचली नव्हती. माझी छाती जरा फुगली.

"वहिनी, खरं सांगा, तुमची घंटा आज माझ्यामुळे वाचली. कबूल?"

त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"पोचलं, भावजी. आता प्लग लावा."