टोरंटोपर्यंतचा दोरा

दिल्लीच्या विमानतळापासून टोरंटोच्या विमानतळापर्यंत अंतर किती, आणि ते कापायला विमानाला किती तास लागतात? या उत्तरावर माझे जाणे अवलंबून होते. लेकीचे पहिले बाळंतपण तिथे व्हायचे होते. मी अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी. तेव्हा मी जाऊ नये, असे घरात जवळजवळ ठरले होते.

मी निवृत्त भूगोल-शिक्षिका. गाझियाबादच्या आमच्या बैठकीत शाळेतला जगाचा नकाशा टांगलेला आहे. यजमानांनी त्यावर पट्टी ठेवली.

"सतरा हजार किलोमीटर. ताशी नऊशे धर, एकोणीस तास झाले. अगं, करोल बागेपर्यंत मेट्रोत बसलीस तरी उतरताना माझा हात लागतो तुला."

"फोनवर बारा हजारांच्या आत दाखवतात."

"फोनवर काय, काहीही दाखवतात. पट्टी तूच शिकवलीस ना सगळ्यांना?"

शिकवली होती. सपाट नकाशावर विषुववृत्तापासून दूर गेले की पूर्व-पश्चिम अंतर ताणले जाते, तिथे पट्टी खोटे बोलते, हेही मी नववीच्या वर्गात सांगत असे. परीक्षेत मात्र पट्टीच विचारली जाई. म्हणून घरात पट्टीच राहिली, आणि ती चूक माझी.

मी कपाटावरचा पृथ्वीगोल उतरवला. दिल्ली ते टोरंटो दोरा ताणून धरला. तो अटलांटिककडे वळलाच नाही. रशियावरून उत्तरेला चढला आणि ग्रीनलंडच्या बर्फावरून खाली उतरला. तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवला, तर एकशे पाच अंश भरले. एका अंशाचे एकशे अकरा किलोमीटर, म्हणजे सुमारे अकरा हजार साडेसहाशे. नऊशेने भागले की तेरा तास येतात. पण विमान दोऱ्यावरून जात नाही. वारे असतात, काही देशांचे आकाश बंद असते, चढण्या-उतरण्यातही वेळ जातो. त्यामुळे थेट विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात.

"सोळा तरी कुठे कमी आहेत?" यजमान म्हणाले.

"नाहीतच. बसून बघते."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी जेवणाच्या टेबलाजवळच्या अरुंद खुर्चीत बसले. दर दोन तासांनी उठून बाल्कनीपर्यंत पाच फेऱ्या, की पुन्हा खुर्ची. नऊच्या सुमारास यजमान ट्रे घेऊन समोर उभे राहिले.

"मॅडम, व्हेज की नॉनव्हेज?"

"दोन्ही बशांत पोहेच दिसताहेत."

"मग वाद कशाला? पट्टा बांधा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बाबांनी सांगितलं तुझं नाटक. प्लीज, हट्ट नको करू. इथे सगळं मिळतं, बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस."

"अळिवाची खीर कोण करणार?"

"अळीव म्हणजे?"

"बघ. येतेय मी."

रात्री नऊला उठले तेव्हा गुडघे दुखत होते. ते घरी बसूनही दुखतात, आणि घरी बसल्याने कुणाचे बाळंतपण होत नाही. मी यजमानांना तिकीट काढायला सांगितले, माझ्या एकटीचे. त्यांनी एकदा नकाशाकडे पाहिले आणि चष्मा शोधायला गेले.

माझा आकडा मी सांगितला म्हणून खरा मानू नका. एक पृथ्वीगोल घ्या, एक दोरा घ्या, आणि कृपया स्वतः मोजून पाहा.