रोज एक नख

मांजराचे केस आणि मांजराचे किस्से, दोन्ही कितीही झाडले तरी घरातून संपत नाहीत. परवा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक मॅडम सांगत होत्या, त्यांच्या बहिणीकडे मांजराची नखं कापायला माणूस घरी येतो, तेही अपॉइंटमेंट घेऊन! सगळ्या हसल्या. मी म्हटलं, थांबा, माझ्या माहेरी, मोताळ्याला, एका मांजराच्या नखांपायी काय काय झालं ते आधी ऐका. डबे संपले, बेल झाली, तरी माझं अर्धंसुद्धा सांगून झालं नव्हतं. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते.

माझे बाबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे डॉक्टर इंजेक्शन देणार आणि बाबा जनावर धरणार. सगळी नोकरी त्यांनी बैल, म्हशी आणि मारकुट्या गाई धरण्यात काढली. रिटायर झाल्यावर धरायला काही उरलं नाही, तेव्हा चिडचिड करायला लागले. अशात एकदा धामणगाव बढ्याच्या बाजारातून गाईसाठी सरकीचं पोतं आणलं आणि पोत्याच्या तोंडातून एक पिल्लू बाहेर आलं. राखाडी, मधूनमधून पांढरं, अगदी सरकीच्याच रंगाचं. नाव शोधायची गरजच पडली नाही.

आई म्हणाली, "घरात एक तर हे राहीन, नाईतर मी!"

बाबा म्हणाले, "तू तर कुठं जात नाई, मले माहीत हाये."

अशी सरकी राहिली.

* * *

दोन वर्षांनी बाबांच्या छातीत दुखलं. बुलढाण्याला अ‍ॅडमिट केलं, बरे झाले, पण रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागली. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी सरकीनं लाडात येऊन मांडीवर उडी मारली. नखं लुंगीतून आरपार. ओरखडा एवढासा, पण रक्त थांबेना! आई कापूस दाबून अर्धा तास जमिनीवर बसून होती. तिचं तोंड मात्र चालू होतं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मांजराची नखं नियमित कापा. जमत नसेल तर मांजर देऊन टाका."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी पहिलं वाक्य ऐकलं, आईनं दुसरं.

शेवटी आईनं निकाल दिला. "येत्या बाजारापर्यंत नखं कापून दाखवा. नाई जमलं तर ज्या पोत्यातून आली, त्याच पोत्यात घालून धामणगावले परत. आन मी तिले हात लावणार नाई, आधीच सांगून ठेवते!"

मी तेव्हा माहेरी आले होते. बाबा हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. दवाखान्यात स्ट्रेचरवर झोपवलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. त्यांनी सरकीला उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन बसले.

* * *

दुसऱ्या दिवशी मात्र बाबांना हुरूप आला. "आडदांड वळू आडवा पाडला मी! हे काय मुठीएवढं मांजर!"

आईची अट होती, अंगाला नख लागता कामा नये. म्हणून तिनं त्यांना फुल बाह्यांचा स्वेटर घातला, कानटोपी घातली, दोन्ही हातांत लोकरीचे पायमोजे चढवले. मे महिना होता! मोताळ्यात त्या दिवशी कुत्रीसुद्धा सावलीतून हलत नव्हती आणि आमचे बाबा काश्मीरला निघाल्यासारखे ओसरीत उभे. पायमोज्यांच्या हातात कात्री काही धरता येईना, म्हणून कात्री माझ्याकडे दिली.

सरकीनं त्या अवतारात त्यांना एकदाच पाहिलं आणि थेट कपाटावर गेली.

बाबा खाली घामानं निथळत उभे. वर पाहत हळूच म्हणाले, "ढोरंच बरी होती बे. कपाटावर तरी नाई चढत."

* * *

मग यात रशीदचाचा आले. रशीदचाचा म्हणजे आमच्या शेजारचे टेलर आणि बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, आधी तू स्वेटर काढ. मी तिलेच ड्रेस शिवून देतो. चार बाह्या, पंजे बाहेर, बाकी मांजर अंदर!"

संध्याकाळी टेप घेऊन आले. सरकी दूध पीत होती, तेवढ्यात छातीचं माप घेतलं. कानावरची पेन्सिल काढून मापाच्या वहीत लिहिलं, "सरकीबाई. छाती बारा. बाही चार." मग अगदी गंभीरपणे बाबांना विचारलं, "गळा कसा ठेवू? गोल का चौकोनी?"

बाजाराच्या आदल्या दिवशी ड्रेस मिळणार होता. पण टेलर तो टेलरच. "लग्नसराई हाये भाऊ. नवऱ्या पहिले, मांजर नंतर." बाजार आला आणि गेला. आता सरकीचं पोतं भरणार म्हणून मी आईकडे पाहिलं, तर आईनं स्वतःच मुदत वाढवली! म्हणाली, "रशीदभाऊनं माझं दिवाळीचं ब्लाऊज संक्रांतीले दिलं होतं. यात मांजराचा काय दोष?"

तीन आठवड्यांनी ड्रेस आला. निळ्या चौकड्यांचा, काजं-बटणांसकट. पण सरकी आपल्याकडून जाणार या धास्तीनं बाबांनी तीन आठवडे तिला साय खाऊ घातली होती. ड्रेस पोटाशी येऊन अडकला. पुढे जाईना, मागे येईना!

रशीदचाचांनी शिवण उलटी करून पाहिली आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "घाबरू नको भाऊ, मार्जिन ठेवलेलं हाये. उसवून देतो."

तो ड्रेस सरकीनं कधीच घातला नाही. त्यावर झोपायला मात्र लागली.

* * *

आमचे हे पुण्याचे. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी माझ्या माहेरी गेले की "मले, तुले" ऐकून अजून गालातल्या गालात हसतात. त्यांना हे प्रकरण कळलं आणि ते मोठी तयारी करून आले. मांजराचं स्पेशल नेलकटर, मोबाईलवर व्हिडिओ, खिशात खाऊचं पाकीट.

"यात काहीच अवघड नाहीये," हे म्हणाले. "आपण आधी तिचा विश्वास संपादन करायचा."

व्हिडिओतली मांजर गादीवर उताणी पडून एकेक पंजा पुढे करत होती. ह्यांनी मोबाईल सरकीसमोर धरला. तिनं व्हिडिओ पाहिला, पाकिटातला सगळा खाऊ खाल्ला, विश्वास पूर्ण संपादन होऊ दिला आणि नेलकटर दिसताच ह्यांच्या मनगटावर तीन रेघा ओढून गेली.

आईनं हळद लावली. लावता लावता समजूत काढली, "जावईबापू, मनाले लावून घेऊ नका. ते व्हिडिओतली पुण्याची असंल. आमची मोताळ्याची हाये."

नेलकटर मात्र चांगलं होतं. ते बाबांनी ठेवून घेतलं.

* * *

जमलं ते अगदी योगायोगानं. बाबा रोज दुपारी जेवून खुर्चीत बसायचे आणि रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लावायचे. आमच्याकडे शेत नाही. गाय होती, तीही तोवर विकली होती. तरी कापसाचा भाव ऐकल्याशिवाय बाबांची दुपार व्हायची नाही. आईला त्या रेडिओचा भयंकर राग. "कोणता कापूस विकायचा हाये तुम्हाले?" असं ती रोज विचारायची.

पण बाजारभाव सुरू झाले की सरकी मांडीवर येऊन अशी गाढ झोपायची की पंजे लोंबकळायचे. तो निवेदक एका सुरात वाचत जायचा, तूर, सोयाबीन, कापूस, आणि त्या सुरात तिचे डोळे मिटायचे. एके दिवशी बाबांनी श्वास रोखून एक पंजा हलकेच दाबला. नख बाहेर आलं. टक्! सरकीनं एक डोळा उघडला. बाबा रेडिओकडे पाहत बसले, जणू काही झालंच नाही. डोळा पुन्हा मिटला.

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुसरं नख धरलं. त्यानंतर सरकी दोन दिवस घरी आली नाही!

तेव्हापासून कायदा ठरला, रोज एक नख. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार पंजे काढले. कापलेल्या नखावर पेन्सिलनं खूण करायची, सगळी झाली की खोडून पुन्हा पहिल्यापासून.

आईनं कॅलेंडर उलटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "राहू द्या तिले. पण रोज म्हणजे रोज. एक दिवस चुकला का पोतं."

* * *

पहिली फेरी संपली त्या दिवशी बाबांचा मला घाबरून फोन. "पोरी, दोन नखं सापडून नाई राह्यली!"

"कोणाची?"

"सरकीची! चित्रात वीस काढली मी. पण मागच्या पायाले चार-चारच लागून राह्यली. माझ्या हातून उपटली तर नाई गेली?"

ओसरी झाडली, खुर्चीखाली टॉर्च मारला, ड्रेसचे खिसे तपासले. हो, रशीदचाचांनी मांजराच्या ड्रेसला खिसेसुद्धा लावले होते! शेवटी बाबांनी धीर करून आपल्या जुन्या डॉक्टरसाहेबांना फोन केला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेब म्हणाले, "एवढी वर्षं माझ्याकडं काढली तुम्ही. मांजराच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, हे कोणाला सांगू नका."

बाबा ओशाळले. फोन ठेवून म्हणाले, "सगळी नोकरी खुरं पाहण्यात गेली. बोटं मोजायची कधी वेळच नाई आली."

* * *

एकदा मात्र हात चुकला. बाबांना मोतीबिंदू होता, चष्म्याचा नंबर वाढला होता, नखातली गुलाबी शीर दिसली नाही. सरकी ओरडली आणि लुंगीवर रक्ताचा थेंब पडला. आईनं सवयीनं कापूस आणला आणि बाबांचा हात शोधायला लागली. बाबा म्हणाले, "माझं नाई. तिचं हाये."

आईनं कापूस तसाच त्यांच्या हातात दिला. बाबांनी पंजाला कापूस धरला, हळद लावली, वाट पाहत बसले. थोड्याच वेळात रक्त थांबलं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "तिचं रक्त चांगलं हाये."

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. फोनवर मला हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी हसून विषय बदलला. आज वाटतं, बदलायला नको होता.

* * *

मागच्या थंडीत बाबा गेले. झोपेतच. घरात माणसं होती तोवर सरकी कपाटावरच होती. मीही गडबडीत तिच्याकडे पाहिलं नाही. आई आमच्याकडे यायला तयार नव्हती. "मले इथंच बरं वाटते," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात मी सुट्टी काढून मोताळ्याला गेले. सोबत झाकणाची एक टोपली घेतली. सरकीला माझ्याकडे घेऊन यायचं पक्कं ठरवलं होतं. बाबांचं मांजर पोत्यात घालून धामणगावला जावं, हे माझ्याच्यानं सहन झालं नसतं. नखं तर किती वाढली असतील! तशी आता नखांची फिकीर कोणाला? घरात रक्त पातळ असलेलं माणूसच उरलं नव्हतं.

दुपारची वेळ. रशीदचाचा मशीनवर होते. त्यांनी माझ्या हातातली टोपली पाहिली, मशीन थांबवलं आणि म्हणाले, "जाय बेटा अंदर. पण हळू जाय."

आतून रेडिओचा आवाज येत होता. तूर झाली होती, सोयाबीन चालू होतं.

बाबांच्या खुर्चीत आई बसली होती. नाकावर बाबांचा चष्मा. मांडीवर निळ्या चौकड्यांचा ड्रेस पसरलेला आणि त्यावर सरकी, पंजे लोंबकळत. मी दारातूनच म्हटलं, "आई, मी सरकीले न्यायले आली."

आईनं वर न पाहता हात केला.

"हळू बोल वं. कापूस झाला का उठते ते. आजचं नख राह्यलं हाये."