सांडशी न लागणारी आत्या

तंबू उभा राहण्याआधी स्टोव्ह पेटला पाहिजे, हा त्या घराचा नियम होता आणि तो आत्याने घालून दिलेला होता. दादा अजून गाडीच्या टपावरच्या दोऱ्यांशी झटापट करत असायचा, वहिनी एक खुंटी कमी भरतेय म्हणून पिशव्या उलथ्यापालथ्या करत असायची, आणि इकडे आत्या बाह्या सारून, तीन बाजूंनी पत्रा लावून, वारा अडवून मोकळी झालेली असायची. मग तेलात कांदा पडायचा. तो आवाज ऐकला की दादा टपावरूनच म्हणायचा, "चला, पोहोचलो."

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. पुतणी बोलायला लागली त्या दिवसापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली. वहिनी तिला आत्याबाई म्हणायची. गेल्या वर्षी घरात आलेला जावई पहिल्या भेटीतच आत्या म्हणू लागला. फक्त दादाच्या तोंडी ती अजून छोटी होती, वय वर्षं चौपन्न.

एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिला एकतीस वर्षं झाली होती. तळघरातली लांब खोली, छताला पाइप, आणि मध्ये चादरींना इस्त्री करणारं ते अवाढव्य यंत्र. एका बाजूने दोघी ओली चादर कोपऱ्यांना धरून रुळात सोडायच्या, दुसऱ्या बाजूला आत्या ती वाफाळती बाहेर ओढायची, चौघडी करायची, थप्पीवर टाकायची. दिवसाला हजारभर. पहिल्या वर्षी बोटांना फोड आले, दुसऱ्या वर्षी घट्टे पडले, आणि मग बोटांनी तक्रार करणं सोडून दिलं. संध्याकाळी ती आपल्या दोन खोल्यांत परत यायची, एकटीपुरता भात लावायची आणि उभ्या उभ्या जेवायची. वर्षातून चार दिवस मात्र तिच्या हातचं जेवायला माणसं गोल करून बसायची. ते चार दिवस कॅम्पिंगचे.

त्याची सुरुवात वीस वर्षांपूर्वी झाली. पहिल्याच सहलीला दादाने सगळं पाकिटातलं आणलं होतं, आणि पाच वर्षांची पुतणी एक घास खाऊन तोंड फिरवून बसली. आत्याने पिशवीतले चार बटाटे काढले, कांदा चिरला, भात टाकला. पोरगी तीनदा वाढून घेऊन तिथेच आडवी झाली. पुढच्या वर्षापासून कुणी काही ठरवलं नाही, पण पातेल्यापाशी आत्या उभी राहिली ती राहिलीच. आठ दिवस आधीपासून तिची तयारी चालायची: मसाला वाटून बरणीत, वाटाणे सोलून डब्यात, वाटण गोठवून बर्फाच्या पेटीत अगदी तळाला.

आणि त्या जेवणाचा एक खास प्रवेश असायचा. ते मोठं बिनकानाचं पातेलं स्टोव्हवरून उतरवायची वेळ आली की दादा उठून उभा राहायचा. दादा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. त्याचा आवाज मुळातच मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा. तो शेजारच्या तंबूतल्या लोकांना बोलवायचा. "या, या, बघून घ्या. आमच्या छोटीला सांडशी लागत नाही." मग आत्या दोन्ही हातांनी ते उकळतं पातेलं काठाला धरून उचलायची, पाच पावलं चालायची आणि मधोमध आणून ठेवायची. टाळ्या पडायच्या. आत्या हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "बसा आता, गार होतंय."

त्या काळी चटका बसायचा. चांगलाच बसायचा. पाच पावलं तो गिळून, चेहरा हसरा ठेवून चालणं हीच तर त्यातली कमाई होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी यंत्रातून आलेल्या चादरीवर तिला लाल ठिपका दिसला. तिने पलीकडच्या पोरींना झापलं, "नीट न धुतलेली चादर सोडता कशी तुम्ही?" पुढच्या चादरीवर तीन ठिपके. मग एक पोरगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुमचं बोट." कुणाच्या तरी कपड्यातली टाचणी आत्याच्या बोटात अर्धी रुतलेली होती.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटं टोचून पाहिली. नसा गेल्यात, म्हणाले. वाढणार नाही बहुतेक, पण परतही येणार नाही. आगीपासून जपा. आत्या "बरं" म्हणाली आणि खाली येऊन उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. मग हळूहळू बाकीच्या गोष्टीही तशाच होत गेल्या. पुतणीच्या लग्नात सगळे डोळे पुसत होते, तेव्हा ती रुमालांच्या घड्या नीट आहेत का ते बघत होती. सगळं जणू जाड हातमोज्यातून हाताला लागायचं.

तिने घरी कुणाला सांगितलं नाही. कारण साधं होतं. हातातला डाव गेला तर त्या तंबूत आपण कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. गेल्या वर्षी तिने नेहमीसारखी पाच पावलं टाकली. गिळायला काही नव्हतं. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

या वर्षी दुपारी ते तळ्याकाठी पोहोचले. जावयाने उत्साहाने झटपट शेवयांची पाकिटं काढून दाखवली. "आत्या, तीन मिनिटांत होतं."

"ते गाडीतच राहू दे," आत्या म्हणाली. "गाडी बंद पडली तर खाऊ."

"गाडी बंद पडत नसते माझी," दादा टपावरून म्हणाला.

"मागच्या खेपेला कुणी ढकलली मग?" वहिनी म्हणाली. "मी आणि आत्याबाईंनी. तुम्ही स्टिअरिंगवर बसून 'अजून जोर लावा' म्हणत होता."

आत्याने स्टोव्हची चावी फिरवली आणि काडी ओढली. नळीत हवा अडकली होती, गॅस येईना. ती काडी धरून थांबली आणि थांबल्या थांबल्या धुलाईघरातल्या नव्या साहेबाची गोष्ट सांगू लागली, त्याला चादर आणि पलंगपोस यातला फरक कसा कळत नाही ते. समोर वहिनी बटाटे चिरत होती. काडी जळत खाली आली. ज्योत बोटांना टेकली. आत्या बोलत होती, "मी म्हटलं, साहेब, ज्यावर झोपतात ती..." आणि वहिनीने पुढे वाकून फुंकर मारली.

"वारा आहे," वहिनी एवढंच म्हणाली आणि पुन्हा बटाटे चिरू लागली. पण त्यानंतर ती बघत राहिली. बटाटा शिजला का हे आत्या नेहमी दोन बोटांनी दाबून बघायची. आज ती सुरी खुपसून बघत होती. तवा तापला का हे बघायला पाणी शिंपडून कान देत होती.

जेवण झाल्यावर दोघी भांडी घेऊन नळावर गेल्या. सिमेंटची लांब मोरी, तीन नळ, त्यातला एक गळका. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"हात बघू," वहिनी म्हणाली.

"ओले आहेत."

"माझेपण ओलेच आहेत. बघू."

अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर पांढुरका फोड आला होता. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. तिने असे फोड पुष्कळ पाहिले होते.

"कधीपासून?"

"आत्ताच भाजलं. तुझ्यासमोरच."

"भाजल्याचं नाही विचारत. न भाजल्याचं विचारतेय."

आत्याने ताट विसळलं, उपडं घातलं. "दोन वर्षं होतील."

"डॉक्टर?"

"दाखवलं. काही करता येत नाही."

वहिनीने नळ बंद केला. "रोज परक्या माणसांना विचारते मी, काय होतंय, कुठे दुखतंय. आणि घरातलं माणूस..." तिने वाक्य सोडून दिलं. "यांना सांगितलं नाहीस ना?"

"दादाला सांगितलं की तो मला खुर्ची देईल," आत्या म्हणाली. "चांगली, उशी लावून. आणि चार दिवस म्हणत राहील, छोटे, तू बस."

"मग बसावं की. मला वीस वर्षांत कुणी दिली नाही खुर्ची."

"तुला बसता येतं. तुझी माणसं आहेत. मी इथे स्वयंपाकाला येते."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. वेळापत्रक वाचावं तसं म्हणाली होती. वहिनी मात्र घासणी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आम्ही तुला स्वयंपाकाला आणतो, असं वाटतं तुला?"

वहिनीला लागलंय, हे आत्याला दिसत होतं. आपल्यालाही काहीतरी व्हायला हवं, हेही कळत होतं. तिने दुसरं ताट उचललं.

"मी नाही सांगणार," वहिनी शेवटी म्हणाली. "पण संध्याकाळी तू ते पातेलं हाताने उचललंस, तर मी मध्ये पडेन. सगळ्यांदेखत. मग तमाशा झाला तर झाला."

ऊन कलायच्या सुमाराला कोंबडीचा रस्सा तयार झाला. दाट, वर तेलाचा तवंग, बाजूला वाटाणे घातलेला भात. वास तळ्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारच्या तंबूतलं जोडपं आपणहून डोकावलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, बायको शिवणकाम करायची. दादाला तेवढंच हवं होतं. तो उठला, घसा खाकरला.

"तुम्ही बारीक काम करणारी माणसं. आता हे बघा. वीस वर्षांत आमच्या छोटीला सांडशी लागली नाही."

पुतणीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघ हं आता."

आत्या पातेल्यापाशी गेली. रस्सा कडेने बुडबुडत होता. वहिनी हातातलं फडकं घट्ट धरून उठून उभी होती. उचलावं, असं आत्याला वाटलं. सोपं होतं. पाच पावलं, टाळ्या, बसा आता. वहिनीच्या आधी हात पुढे गेला असता. पण आपल्याला ना भीती वाटतेय ना काही, असं तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच थांबली. न भाजणाऱ्या हातांनी पातेलं उचलण्यात दाखवण्यासारखं काय होतं?

"कुणाकडे सांडशी आहे का?" तिने विचारलं.

दादा हसला. "चेष्टा करतेय."

"नाही. हवीय मला."

मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सांडशी नव्हतीच. वीस वर्षांत त्यांनी कधी सांडशी घेतलीच नव्हती. घ्यायचं कारण काय? शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "आमच्याकडे आहे, आणते," आणि आपल्या तंबूकडे निघाली. ती परत यायच्या आत आत्यानेच मग सांगितलं, पातेल्याकडे बघत.

"बोटांना कळत नाही मला. गरम नाही, गार नाही. दोन वर्षं झाली. गेल्या वेळी उचललं तेव्हासुद्धा कळत नव्हतं."

बाई सांडशी घेऊन आली. आत्याने ती पातेल्याच्या काठाला लावली, पण पकड किती घट्ट बसली हे हाताला समजेना. पातेलं एका बाजूला कललं. "दे," म्हणत वहिनीने सांडशी घेतली, दुसरी बाजू फडक्याने धरली आणि पातेलं उतरवलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. घड्याळवाल्याने बसायला जागा केली.

सगळे जेवले. जावयाने दोनदा रस्सा मागून घेतला. दादाने मात्र पहिल्यांदा वाढलं तेवढंच खाल्लं. हात धुऊन आल्यावर तो एवढंच म्हणाला, "गेल्या वर्षी मी माणसं गोळा केली होती. सात-आठ जण होते." आणि गाडीचे टायर बघायला निघून गेला. टायर ठीकच होते.

सकाळी आत्या तंबूबाहेर आली तेव्हा स्टोव्ह पेटलेला होता आणि त्याच्यापाशी दादा उकिडवा बसला होता. खुर्ची असेल, असं धरून ती आली होती. दादाने तव्यात बटाट्याचे काप टाकले होते, एक पातळ, एक जाड, कुठलाच दुसऱ्यासारखा नाही. वहिनी शेजारी चहा गाळत होती आणि मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हती.

"हात दे," दादा म्हणाला.

त्याने तिचा पंजा आपल्या मांडीवर घेतला. लहानपणी काटा काढायला घ्यायचा, तसा. अंगठ्याच्या नखाने एकेक बोट दाबत गेला.

"इथे कळतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

तळवा. "इथे?"

"थोडंसं. नाही, नाही कळत."

मनगट. "इथे?"

त्याचा अंगठा खरखरीत झाला होता, स्टिअरिंगने. "कळतं," आत्या म्हणाली.

"म्हणजे मनगटापर्यंत तू आहेस. पुढचं माझ्याकडे दे." त्याने डाव उचलून तव्याकडे बोट दाखवलं. "हे कधी उलटायचं? तुझी वहिनी सांगत नाहीये. तिला मजा बघायचीय."

"बघतेच आहे," वहिनी म्हणाली. "वीस वर्षांनी संधी मिळालीय."

काही वाटेल म्हणून आत्या क्षणभर थांबली. विशेष काही वाटलं नाही. मनगटावर त्याच्या अंगठ्याची जागा तेवढी अजून जाणवत होती. ती त्याच्या शेजारी बसली आणि तव्यात वाकून बघितलं. कापांच्या कडा अजून पांढऱ्याच होत्या.

"एवढ्यात नको," ती म्हणाली. "आच कमी कर आधी."

दादाने आच कमी केली आणि डाव हातात धरून तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसला.