बरं हाय म्हणणार नाही

“इसको म्यूट करो यार. फिर गाँव की कहानी लेके बैठ गई.”

बोलणारे साहेब हैदराबादेत. मी आदिलाबादेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. मोडके सलाईनचे स्टँड जिथं ठेवतात तिथंच माझी खुर्ची. समोर लॅपटॉप. पडद्यावर चौकटी-चौकटीत बसलेली माणसं. कुणीतरी बटण दाबलं. माझ्या नावापुढं लाल रेघ आली. मला ती लगेच दिसलीच नाही. मी बोलतच राहिले. चौकटीत माझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, हात हलत होते, आणि समोरचे हसत होते.

मग रेघ दिसली.

मी तोंड मिटलं. मीटिंग पुढं गेली. मी आहे की नाही, कुणाला फरक पडला नाही.

मी तिथं कशाला होते ते सांगते. एक औषध कंपनी रक्तदाबाची नवी गोळी आमच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात माणसांवर तपासून पाहत होती. गोळी घेणाऱ्या बहुतेक बाया भीमपूरकडच्या, कापूस-सोयाबीनच्या रानात राबणाऱ्या. गोळीनं काय त्रास होतो ते फोनवर विचारायचं आणि कॉम्प्युटरात भरायचं, हे काम दुसऱ्याच एका कंपनीला ठेक्यानं दिलेलं. त्या ठेक्यावर नजर ठेवायला औषध कंपनीनं मला नेमलं. माहिती खरी भरली जाते का बघायचं. गडबड दिसली की वर कळवायचं. एवढंच माझं काम. वर म्हणजे औषध कंपनीचे साहेब.

नेमणुकीच्या दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं. सांगितलं. “अच्छा. तो आप उधर से हैं.” उधर म्हणजे कुठून, ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. माझी आई शाळेत शिकवते. तिची आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. कॉलेजात मी पत्रकं लिहिली, चौकात उभं राहून वाटली. तरी त्या दिवशी मी खाली बघून “जी सर” म्हटलं. नोकरी हवी होती.

आता देवकाबाईचं ऐका.

देवकाबाई तपासणीला आली तेव्हा तिच्या कपाळावर टाके होते. मी कॉम्प्युटर उघडून बघितला. तिच्या नावापुढं भरलेलं: तक्रार नाही.

“जयभीम मावशी. कपाळाले काय झालं?”

“काई नाई व माय. पडली.”

“आणि तब्येत?”

“बरं हाय.”

आमच्याकडं हे असंच आहे. तब्येत विचारली की पहिलं उत्तर बरं हाय. अंगात ताप फणफणत असला तरी बरं हाय. परक्याला दाराशीच दुखणं सांगणं म्हणजे रडगाणं, ते आमच्यात शोभत नाही. माणूस आधी बसतो, पाणी पितो, लेकराबाळांचं विचारतो. मग कुठं हळूच, “तसं म्हना, जरा...” असं सुरू होतं. खरं दुखणं त्या ‘तसं म्हना’च्या मागं असतं. ज्याला बसायला वेळ नाही त्याला ते कळत नाही.

आणि ठेक्यावरची पोरगी हैदराबादेतून फोन करून विचारते, “सब ठीक है?” देवकाबाई म्हणते, “हाव, बरं हाय.” टिक. फोन बंद. दुसरा नंबर.

मी तिला बाकावर बसवलं. पाणी दिलं. शेजारी बसले. तिनं माझ्या आईचं विचारलं, माझ्या लग्नाचं विचारलं, जे मी टाळलं. मग म्हणाली, “तसं म्हना पोरी, हे गोळी घेतली का डोळ्याम्होरं अंधारीच येते. वेचता वेचता उठाले गेली अन् पडली दगडावर.”

बाजूची वच्छलाबाई लगेच म्हणाली, “मले बी तसंच होऊन राह्यलं. मी त समजली, मीच म्हातारी झाली.”

“झालीच हायेस तू,” पलीकडून कुणी बोललं. “पन मी कुठं म्हातारी? मी बी भिंत धरूनच चालून राह्यली ना!”

बाक हसत होता. मला हसू येईना. त्या सगळ्यांच्या नावापुढं तेच होतं. तक्रार नाही.

मी वर कळवलं. ठेकेदार कंपनीचं उत्तर आलं, रुग्णानं फोनवर ठीक असल्याचं सांगितलं आहे, विषय बंद. मी पुन्हा उघडला. पुन्हा बंद. दवाखान्याच्या डॉक्टरकडं गेले. ते मान वर न करता म्हणाले, “अगं, या बायका उपाशीपोटी उन्हात राबतात. चक्कर येणारच. तू कायले एवढं मनावर घेतेस?” टाके त्यांनी पाहिले होते. कशानं पडली, ते विचारलं नव्हतं.

म्हणून मी ते मीटिंगमध्ये काढलं. सांगितलं, फोन बंद करा, माणसं पाठवा, आमच्या भाषेत विचारा, बसून विचारा. तेव्हा माझ्या नावापुढं लाल रेघ आली.

मीटिंग संपल्यावर साहेबांचा फोन. तुमच्या लॉगिनमधून ‘आढावा घेतला, अडचण नाही’ हे बटण दाबायचं राहिलंय.

मी म्हटलं, अडचण आहे.

“बटन दबाना है, बस. वापस कपास चुनने जाना है क्या?”

कापूस वेचणं ही त्याच्या तोंडी शिवी होती. माझ्या आजीचं आयुष्य म्हणजे त्याची शिवी. आणि ज्या बायांच्या अंगावर तो त्याची गोळी तपासत होता त्या सगळ्या कापूसच वेचत होत्या. त्यांचं रक्त चालतं. त्यांच्या दंडाला पट्टा बांधलेला चालतो. फक्त त्यांचं तोंड चालत नाही, आणि त्यांच्यातून वर आलेलीचंही नाही. मला एकटीला गप्प केलंय असं वाटत होतं. चूक. तो पूर्ण बाक म्यूट होता, गोळी सुरू झाली त्या दिवसापासून.

“नहीं दबाऊँगी,” मी म्हटलं.

पुढच्या तपासणीला देवकाबाईनं विचारलं, “गोळी घेऊ का टाकू?”

मी डॉक्टर नाही. पण मला एक माहीत होतं. अशी गोळी घेणाऱ्यांना जपायला एक समिती असते, आणि गोळी घेणाऱ्या कुणालाही तिला थेट फोन करता येतो. तो तिचा हक्क. हे तिला कुणीच तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

“मी? मी काय बोलू व? मले कुठं बोलता येते!”

“येते. फक्त बरं हाय म्हणू नको मावशी.”

वच्छलाबाई म्हणाली, “लगन झालं तवापासून हे तेच म्हनून राह्यली. आता कशी सुटन?”

फोन लावला. आवाज मोठा केला. पलीकडून एक म्हातारा आवाज, शांत. “जी बोलिए. कैसी हैं आप?”

देवकाबाईचे ओठ उघडले. “बरं...”

“ए!” अख्खा बाक ओरडला.

तिनं पदर खोचला. “बरं नाई! मले बरं नाई! तुमची गोळी खाल्ली का अंधारी येते. पडली मी. डोकं फुटलं. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?”

मी हिंदीत सांगू लागले. ते म्हणाले, थांबा, पुढचं त्यांनाच बोलू द्या.

ती बोलली. मग वच्छलाबाई. मग भिंत धरून चालणारी.

समितीनं डॉक्टरला सांगून देवकाबाईची गोळी थांबवली. आमच्या दवाखान्यात नवी बाई घ्यायची नाही असंही बजावलं. चौकशी बसली आहे. बाकीच्यांची गोळी चालू आहे, वच्छलाबाईचीही. म्हणजे लढाई चालू आहे. कॉम्प्युटरात देवकाबाईच्या नावापुढं अजून ‘तक्रार नाही’ आहे.

मला काढलं. कारण दिलं, रुग्णांना भडकवलं. शेवटच्या दिवशी हैदराबादेतून एका बाईचा फोन आला. गोड आवाज. नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात म्हणे.

“सब ठीक है ना आपके साथ?”

जिभेवर आलंच होतं. पिढ्यांची सवय आहे. मी ते गिळलं.

“ठीक नहीं है,” मी म्हटलं. “लिखिए.”

ती पुढचा प्रश्न वाचू लागली.

“मैं रुकी हूँ. लिखिए.”

आता मी भीमपूरकडं गावोगाव जाते. ओसरीवर बसते, पाणी पिते, आणि एवढंच शिकवते. फोन आला, कुणी गोड आवाजात विचारलं, तर पहिलं उत्तर बदला. साहेब, तुमचं बटण तुमच्याकडं ठेवा. वच्छलाबाईची गोळी थांबेपर्यंत आणि देवकाबाईच्या नावापुढचं खोटं खोडेपर्यंत मी फोन करत राहणार. तुम्ही उचला किंवा उचलू नका.