ठोक्याचा चौथा भाग

आमच्या वरच्या मजल्यावरचा परांचीवाला कुठल्याही फळीवर पाय ठेवण्याआधी तिच्यावर टाच आपटायचा. ठोक. आवाज भरीव आला तर पाय, पोकळ आला तर फळी बाद. आयुष्यभर इमारतींच्या बाहेरच्या अंगाने पाइप चढवत गेला. गवंडी आणि रंगारी त्याच्या भरवशावर हवेत उभे राहिले, पण हा पठ्ठ्या स्वतः कुठल्याच फळीच्या भरवशावर राहिला नाही. लग्नाच्या दिवशी स्टेजवर चढतानाही त्याने आधी टाच आपटली होती म्हणे. त्याची बायको हयात असताना ही गोष्ट चारचौघांत सांगायची आणि वर म्हणायची, "मला तेवढं वाजवून न बघता घेतलं, हे माझं नशीब."

म्हणून त्याचं नाव पडलं ठोक्या. मला तो कात्री म्हणतो. केस कापायचं माझं दुकान आता पुतण्या चालवतो. हातातली कात्री सुटली, तोंडातली सुटली नाही, असं ठोक्याचं माझ्याविषयी मत आहे, आणि ते अगदीच खोटं नाही.

घरात ठोक्या, त्याची मुलगी आणि जावई. घरजावई म्हटलं की जावई चिडतो, म्हणून मी हटकून म्हणतो. तो ठोक्याच्याच हाताखाली परांची बांधायला शिकत होता. दिवसा सासरा शिकवायचा, संध्याकाळी जावई. कारण टीव्हीला जोडायचं ते खेळाचं यंत्र जावयाने आणलं होतं, आणि त्यावर एका खजिना शोधणाऱ्या टोपीवाल्याच्या खेळाचे चार भाग होते. टोपीवाला कडे चढतो, पुलांवरून लोंबकळतो, देवळांच्या तळघरांत शिरतो आणि खजिना हाताशी आला की हमखास सगळं कोसळवतो. ठोक्या पहिल्यांदा नाक मुरडत बसला. महिनाभरात जेवणाचं ताट हातात धरून खेळायला लागला.

त्या घरात भांडण एकच. कुठला भाग सरस?

"पहिला भाग म्हणजे नुसतं धडपडणं," जावई म्हणायचा. "टोपीवाला वळतो कसा, तर ट्रक वळतोय असं वाटतं."

"आणि तिसरा म्हणजे नुसती बडबड," ठोक्या म्हणायचा. "खजिना राहिला बाजूला, भावाभावांचं रडगाणं. तुमच्या मावशीकडे गेलो असतो तर फुकट ऐकायला मिळालं असतं."

इथवर एकमत. खरी जुंपायची ती दुसऱ्या आणि चौथ्यावरून. दुसऱ्या भागात कड्यावरच्या एका ओसाड मठात चढायचं असतं आणि कुठला दगड धरवेल ते कुणी सांगत नाही. बटण दाबलं की टोपीवाला दगडावर बोटांनी टकटक करतो. भरीव आवाज आला तर धरायचं, पोकळ आला तर दगड हातात येतो आणि टोपीवाला दरीत. ठोक्याचा जीव त्या भागावर का जडला हे सांगायला नको. चौथ्या भागात मात्र ही कटकटच काढून टाकली होती. जो दगड धरायचा त्याच्या कडेला पिवळा रंग. पिवळं दिसलं की उडी मारायची, पुढचं पिवळं बघायचं, पुन्हा उडी.

"मामा, चौथ्यात वेग बघा! खाली समुद्र बघा कसा उसळतोय!"

"समुद्र छान आहे," ठोक्या म्हणायचा. "पण मला एक सांगा जावईबापू. त्या गुहेत शेकडो वर्षं माणूस गेलेलं नाही, बरोबर? मग रंग कोण लावून गेलं? तुमचे वडील?"

मी हसून हसून खोकायचो. मुलगी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

तिला हसू का येत नव्हतं तेही सांगतो. ठोक्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. औषधाच्या दुकानात ती काम करते, थेंबांच्या बाटल्या तीच आणायची, आणि बाटल्यांनी बाप परांचीवरून उतरत नाही हे तिला कळत होतं. एका सरकारी छापखान्याच्या जुन्या इमारतीचं काम चाललं होतं. पार वरपर्यंत परांची, माथ्याची नक्षी दुरुस्त करायची.

"बाबा, तुम्ही आता खाली उतरा," ती म्हणायची. "उद्यापासून वर यांना जाऊ दे."

"जाऊ दे की. आधी तुझा नवरा टाच आपटायला शिकू दे. आत्ता तो डोळ्यांनी चालतो. पायाने चालायला लागला की मी खाली."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे ना वर."

तेव्हापासून घरातले सगळे, म्हणजे मीसुद्धा, जावयाचे पाय बघायला लागलो. तो स्टुलावर चढला की मुलगी थबकायची. बिचाऱ्याला आपल्याच घरात चालायची चोरी झाली.

आता इथे एक गोष्ट नीट सांगून ठेवायला हवी. लाकडी फळी वर असतानाच तडकलेली आढळली तर ती तिथल्या तिथे काढत नाहीत. खाली न्यायला दोरखंड आणि चाक मोकळं लागतं, आणि दिवसभर ते चाक मालाच्या बादल्या ओढत असतं. म्हणून तडकलेल्या फळीवर ब्रशने एक पट्टा ओढून ठेवायचा. त्या फळीवर कुणी पाय टाकायचा नाही. काम सुटताना ती खाली जाते. हा नियम ठोक्याने घालून दिला, आणि पुढे त्याच्या हाताखालची माणसं जिथे जिथे गेली तिथे तिथे तो गेला. सुरुवातीला जो डबा हाताशी होता त्यातला रंग पिवळा होता. मग पिवळाच राहिला.

एका सुट्टीच्या दुपारी मी त्यांची शिडी परत द्यायला वर गेलो. मुलगी आणि जावई बाहेर गेले होते. दार लोटलेलं, आतून समुद्राचा आवाज. दुसऱ्या भागात समुद्र नाही. मी हळूच डोकावलो. ठोक्या टीव्हीला नाक लावून बसला होता, आणि टोपीवाला पिवळ्यावरून पिवळ्यावर माकडासारखा उड्या मारत सुटला होता. थांबणं नाही, टकटक नाही. ठोक्या हसत होता. मी त्याला इतकं मोकळं हसताना त्याच्या तरुणपणातही पाहिलं नव्हतं.

"वा रे वा!" मी म्हणालो. "चोरून चौथा?"

तो दचकला. मग म्हणाला, "तोंड बंद ठेव, कात्री. दुसऱ्यातले दगड आता दिसत नाहीत रे. सगळं राखेसारखं. टकटकही नीट ऐकू येत नाही. पिवळं तेवढं दिसतं. आणि खरं सांगू? बरं वाटतं. आयुष्यात एकदा तरी न ठोकता पुढे जाता येतं."

तोंड बंद ठेवणं मला जमलं असतं तर मी केस कापण्याऐवजी तिजोऱ्या राखल्या नसत्या का? दुसऱ्याच दिवशी जिन्यात मी मुलीला गाठलं आणि साग्रसंगीत नक्कल करून दाखवली. तिचा बाप कसा वाकला होता, कशा उड्या मारत होता, सगळं. मला वाटलं, आता तरी ही पोरगी हसेल.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "काका, बाबा ठोकत नव्हते?"

"कशाला ठोकतील? चौथा भाग आहे तो!"

"किती दिवस खेळतायत?"

"रोजच असणार. बोटं सराईत झालीयत त्याची."

तिने पिशवी उचलली आणि ती वर गेली. त्या रात्री वरून दोघांचे चढलेले आवाज आले. सकाळी ठोक्या नेहमीसारखा टोप घालून कामाला गेला, आणि जाताना माझ्या दारावर जोरात थाप मारून गेला. ती थाप माझ्या जिभेसाठी होती.

पुढचं मी जावयाकडून ऐकलं, आणि मग गवंड्याकडून, आणि चहावाल्याकडूनही. तिघांचं सांगणं एकच निघालं, हे आमच्या गल्लीत सहसा होत नाही.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वरच्या टप्प्यावर उजेड असा मळकट की भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. सकाळीच ठोक्याला माथ्याजवळ एक फळी पोकळ लागली. त्याने स्वतः ब्रश मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने पट्टा ओढला, चांगला जाड. जेवणानंतर गवंड्याने पलीकडून हाक मारली, "मामा, इथला पाइप हलतोय, जरा बघता का?" ठोक्या निघाला.

जावई एक टप्पा खाली क्लॅम्प आवळत होता. सासऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष ठेवायची गरजच नसायची, वर ठोक, पाऊल, ठोक, पाऊल चालू असायचं आणि त्यावरून मामा कुठवर पोचले ते कळायचं. ठोक आला. पाऊल आलं. पुन्हा ठोक, पाऊल. मग नुसतं पाऊल आलं.

तो न आलेला आवाज ऐकून जावयाने मान वर केली. त्याला ठोक्याचा बूट दिसला, पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध. अगदी निवांत टेकलेला. मग फळी वाजली.

एक टप्पा खाली आडवा पाइप होता म्हणून जीव वाचला. त्याच पाइपाने खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा मी तयारीने गेलो होतो, त्याला चिडवायला चार गोष्टी पाठ करून. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सगळे म्हणत होते, मोतीबिंदूमुळे झालं, बिचाऱ्याला पट्टा दिसला नाही. डॉक्टरही म्हणाले. मीही तेच म्हणालो.

"दिसला होता," ठोक्या म्हणाला. "तेवढाच तर दिसत होता, कात्री. दिसला म्हणून पाय टाकला."

मी पाठ केलेल्या चारही गोष्टी विसरलो.

आता ठोक्या घरीच असतो. चालतो, पण काठीने, आणि काठी आधी जमिनीवर आपटतो. मुलीला हवं होतं तसा बाप खाली उतरला, पण हे असं उतरणं तिने मागितलं नव्हतं. वर आता तिचा नवरा जातो. ठोक्याने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "पट्ट्याचा रंग बदला. काळा करा, लाल करा, काहीही करा."

"मामा, सगळीकडच्या माणसांना पिवळाच माहीत आहे. मध्येच बदलला तर उलटा घोटाळा होईल," जावई म्हणाला. "आणि मी काही तुमच्यासारखा विसरणार नाही."

परवा पाचवा भाग आला. जावईच घेऊन आला. मला वाटलं होतं मुलगी तो खिडकीतून फेकेल, पण ठोक्यानेच लावायला सांगितला. पाचव्यात पिवळ्या कडा नुसत्या पिवळ्या नाहीत, त्या उजळतात. जावई थोडा खेळला आणि त्याने यंत्राची बटणं ठोक्याच्या हातात दिली. टोपीवाला दरीच्या काठाशी उभा होता. समोर कडा, त्याच्यावर झगझगीत पिवळं. ठोक्याची बोटं बटणांवर होती. टोपीवाल्याचा सदरा वाऱ्याने फडफडत होता. ठोक्याने बटण दाबलं नाही.

"मामा, उडी मारा ना," जावई म्हणाला. मग घड्याळ बघून उठला, "उशीर झाला," म्हणून टोप घेऊन निघाला. आमच्या जिन्याच्या पायऱ्यांना कडेला पिवळी पट्टी मारलेली आहे, घसरू नये म्हणून. त्याची पावलं खाली जाताना ऐकू येत राहिली.

ठोक्या टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "कात्री, तुझे कान शाबूत आहेत. ठोकतोय का तो?"

मुलगी दाराशी उभी होती. तीही माझ्याकडे बघत होती.

मी खोटं बोलण्यात कधी मागे राहिलेलो नाही. पण पावलं भराभर उतरत होती, दोन दोन पायऱ्या एकदम, आणि मध्ये कुठेच काही वाजत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.